धान्य नाही, साखर नाही, अंडंही नाही: नवरात्राच्या केकच्या प्रकल्प नोंदी

यंदा, म्हणजे २०२५ साली, घटस्थापना २२ सप्टेंबरला आणि दसरा २ ऑक्टोबरला. एक तिथी वाढल्यामुळे उपवासाचा एक दिवस जास्त. सासूबाई घट बसल्यापासून उठेपर्यंत उपवास धरतात, आणि साबुदाणा, बटाटा, तळलेले वेफर्स यांच्या माऱ्यानं दरवर्षी निम्म्या नवरात्रातच त्यांचं पोट कुरकुरायला लागतं. चहाबरोबर खाता येईल, तळलेलं नसेल आणि सकाळी करून ठेवलं तर संध्याकाळी चालेल असं काहीतरी ओव्हनमध्ये जमतंय का, ते दीड महिना आधीपासून बघायचं ठरवलं. कुणाला हाच उद्योग करायचा असेल तर निदान सामान तरी वाया जाऊ नये, म्हणून या नोंदी.

अटी अशा: गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका काही नाही. भगर उपवासाला चालते, पण ती शेवटी गवताचंच बी, म्हणजे धान्य. पुण्याहून येणाऱ्या नणंदबाईंनी धान्य सोडलंय (उपवास नव्हे, डाएट), त्यांच्यासाठी तीही बाद. अंडं नाही. साखर नाही. व्हॅनिला इसेन्स नाही, कारण त्यात अल्कोहोल असू शकतं हे सासूबाईंना कळलंय.

३ ऑगस्ट, रविवार

सामान आणलं. राजगिऱ्याचं पीठ २०० रुपये किलो, शिंगाड्याचं ३६०, शेंगदाणे १६०, बदाम ९५०. तूप घरचं. गोडव्यासाठी काळा बेदाणा, २०० रुपये किलो. सांगलीत राहून खजूर कशाला विकत घ्यायचा? तासगावचा बेदाणा दारात आहे. हिरवा बेदाणा दिसायला देखणा, पण तो रंग टिकवायला गंधकाची धुरी देतात. केकमध्ये रंग तसाही जातो, मग त्याचे जास्तीचे पैसे का द्या? काळा घ्यावा, कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवावा. द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवलेली असतात, त्यामुळे पहिलं पाणी गढूळ निघतं.

शिंगाड्याचं पीठ घेताना पुडा हुंगून घ्या. पहिल्या दुकानातलं पीठ मागच्या वर्षीचं असावं, कुबट वास येत होता. तिथून घेतलं नाही.

बेकिंग पावडरच्या डब्यामागची यादी वाचली. त्यात कॉर्न स्टार्च आहे, म्हणजे मका. सोडा वापरेपर्यंत कोरडा राहावा, डब्यातच वायू सोडू नये म्हणून तो घातलेला असतो. आपल्याला साधा खायचा सोडा आणि आंबट दही पुरेल. सोडा उपवासाला चालतो का यावर घरात अर्धा तास खल झाला. सैंधव मिठासारखंच तेही खनिज, असा निकाल सासूबाईंनी दिला.

१० ऑगस्ट, रविवार

नुसत्या राजगिऱ्याचा केक. २०० ग्रॅम पीठ, दही, तूप, भिजवलेल्या बेदाण्याची पेस्ट, सोडा. गव्हाच्या केकसाठी वापरतो तोच खोल, गोल डबा, १८० अंश, ४० मिनिटं.

वरून फुगला, छान तडकला. सुरी घातली तर कोरडी निघाली. कापल्यावर तळाला बोटभर जाडीचा चिकट, चकचकीत थर, कच्च्या खळीसारखा. वरच्या भागाला मातकट वास आणि जिभेवर किंचित कडवटपणा. नवऱ्यानं एक तुकडा खाल्ला आणि दुसरा "संध्याकाळी घेतो" म्हणाला.

राजगिरा पाणी फार ओढतो आणि ओढलेलं सोडत नाही. गव्हात ग्लूटेनची जाळी असते, ती वायूला धरून ठेवते आणि भाजताना घट्ट होते. इथे जाळीच नाही, नुसता स्टार्च. तो वर फुगतो आणि खाली बसतो. खोल डबा असला की मधल्या भागापर्यंत उष्णता पोचेस्तोवर खालचा भाग गोळा होऊन जातो.

मातकट वासावर उपाय सापडला. पीठ कढईत मंद आचेवर ७-८ मिनिटं कोरडं भाजायचं, लाडवाला भाजतो तितकं नाही, फक्त वास बदलेपर्यंत. बेसनासारखं तांबूस होऊ दिलं तर कडवटपणा वाढतो.

१७ ऑगस्ट, रविवार

उद्या श्रावणी सोमवार, म्हणून शिंगाड्याचा प्रयोग आज. राजगिरा निम्मा, शिंगाडा निम्मा.

गरम असताना उत्तम. मऊ, फिकट रंग, शिंगाड्याची हलकी गोडी. सगळ्यांनी कौतुक केलं. सोमवारी सकाळी चहाबरोबर घेतला तर रबर. दाबला की परत वर येतो आणि दाताखाली चिवट लागतो. शिंगाड्याचा स्टार्च शिजल्यावर जेलीसारखा धरतो आणि गार झाला की आणखी आवळतो. उपवासाच्या बर्फीत हाच गुण कामाचा असतो, केकमध्ये नडतो. तुकडा तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं गरम केला की परत मऊ होतो, पण दरवेळी तवा चढवायचा तर मग केक कशाला, थालीपीठच लावावं.

शिंगाडा एकूण कोरड्या सामानाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. तेवढाच बांधणीला पुरतो.

साबुदाण्याचं पीठही थोडं घालून पाहिलं, छोट्या वाटीत. डिंक. नोंद इथेच संपवते.

२० ऑगस्ट, बुधवार

केक दरवेळी वरून लवकर काळपट होतोय म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मागवला, ४५० रुपये. बटण १८० वर ठेवलं तर आत २०५. म्हणजे आत्तापर्यंत सगळं त्याच तापमानाला भाजत होते. ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) असेल तर बाकी काही घेण्याआधी हा थर्मामीटर घ्या.

शिवाय बेदाण्यातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, ती आपल्या नेहमीच्या साखरेपेक्षा आधी तांबूस होते. वर सोड्यामुळेही रंग चढतो. त्यामुळे तपमान आतलं १६० धरायचं आणि वेळ वाढवायचा. वरून अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा शेवटची १५ मिनिटं.

२४ ऑगस्ट, रविवार

प्रकल्प इथे मार्गी लागला, म्हणून जरा सविस्तर.

इंग्रजी पाककृतींमध्ये धान्याशिवायचा केक म्हणजे बदामाची पूड, हे ठरलेलंच. तसा केला. चांगला झाला, वादच नाही. पण १५० ग्रॅम बदामाला दीडशे रुपयांच्या आसपास जातात, आणि नवरात्रात दर दोन दिवसांनी केक करायचा तर हिशेब जमत नाही. त्याच मापानं शेंगदाण्याचा कूट घातला. फरक इतका कमी की सासूबाईंना दोन्ही तुकडे डोळे झाकून दिले तर त्यांनी शेंगदाण्याचा उचलला. कारणही तसं आहे. शेंगदाण्यात पाव हिस्सा प्रथिनं आणि जवळजवळ निम्मं तेल. प्रथिनं भाजताना घट्ट होऊन थोडीफार बांधणी देतात, तेल स्टार्चला चिवट होऊ देत नाही. ज्या घरात उपवासाच्या प्रत्येक पदार्थात कूट पडतो, तिथे हे सुचायला इतके दिवस लागावेत!

पण कूट खिचडीसारखा जाडसर चालत नाही. दाणे पूर्ण खमंग भाजायचे नाहीत, फक्त सालं सुटतील इतकेच, नाहीतर केकला चिक्कीचा वास येतो आणि वेलची कुठल्या कुठे जाते. सालं पाखडून टाकायची. दाणे पूर्ण गार होऊ द्यायचे. गरम दाणे मिक्सरमध्ये घातले की लगेच तेल सुटतं. मग दाण्यांबरोबर दोन चमचे राजगिऱ्याचं पीठ घालायचं, ते सुटणारं तेल टिपून घेतं. मिक्सर सलग चालवायचा नाही. दोन सेकंद, थांबा, भांडं हलवा, परत दोन सेकंद. आधी दाण्यांचा खडखडाट येतो, मग तो बसत जातो आणि नुसती घरघर उरते. कूट भांड्याच्या कडेला चिकटून तिथेच राहायला लागला की तिथे थांबायचं. त्याच्या पुढच्या दोन सेकंदांत पीनट बटर होतं. (झालं. ते फेकलं नाही, मुलानं चमच्यानं संपवलं.) रव्याच्या चाळणीनं चाळून वरचे जाड कण पुन्हा फिरवायचे.

आकारही बदलला. खोल डबा बंद, आता ढोकळ्याची थाळी. पीठ थाळीत बोटाच्या एका पेरापेक्षा उंच भरायचं नाही. तळाचा चिकट थर तिथल्या तिथे गायब. धान्याशिवायच्या केकची उंची वाढवण्याच्या नादाला लागू नका. फोटो बरा येतो, केक आतून कच्चा राहतो.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणपती. घरात उकडीचे मोदक, म्हणजे तांदूळ, म्हणजे प्रकल्प बंद.

एक गोष्ट मात्र हाताशी आली. नारळाचं दूध काढून उरलेला चोथा ओव्हनमध्ये ९० अंशांवर दार किंचित उघडं ठेवून तासभर वाळवला आणि मिक्सरमधून काढला. नारळाचं पीठ फुकटात तयार. बाजारात हेच पीठ बरंच महाग मिळतं. पावसाळी हवेत हा चोथा उन्हात वाळवायच्या भानगडीत पडू नये, दोन दिवसांत आंबूस होतो.

७ सप्टेंबर, रविवार

रात्री खग्रास चंद्रग्रहण, दुपारपासून वेध. त्यामुळे जे काय भाजायचं ते अकराच्या आत, असा हुकूम.

चोथ्याच्या पिठाचा प्रयोग: राजगिऱ्याच्या जागी ८० ग्रॅम नारळाचं पीठ. मिश्रण दोन मिनिटांत ओल्या भुशासारखं कोरडं झालं. आणखी दही घातलं, ते प्यायलं. आणखी घातलं, तेही. हे पीठ कुठल्याही पिठाला बदली म्हणून वापरता येत नाही. दोन चमचे चवीला घाला, बस.

आणि केक ओव्हनमध्ये जाऊन वीस मिनिटं झाली असताना लाइट गेली. अर्ध्या तासानं आली तोवर मध्यभागी खड्डा. दुसरी थाळी तयार होती, ती कुकरमध्ये लावली. शिट्टी आणि रिंग काढली, तळाला जाड मिठाचा थर, त्यावर स्टँड, दहा मिनिटं रिकामा तापवला, मग थाळी ठेवून मंद आचेवर ४५ मिनिटं. वरचा रंग फिका, बाकी ओव्हनइतकाच चांगला. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी यामुळे अडून बसू नये. ते मीठ वेगळ्या बरणीत ठेवा, पुन्हा पुन्हा वापरता येतं.

१० सप्टेंबर, बुधवार

बांधणी अजून भुसभुशीत, तुकडा उचलला की कोपरा हातात येतो. इसबगोलाचा भुसा एक चमचा घातला. साधा घ्या, संत्र्याच्या चवीचा नको, त्यात साखर असते. "ते औषध आहे, औषधाला उपवास नसतो," असं सासूबाई म्हणाल्या आणि तो प्रश्न मिटला.

एक चमच्यानं काम झालं. दोन चमचे घातले तर केक ओलसर, स्पंजासारखा, आणि कितीही भाजला तरी तसाच.

मिश्रण कालवून लगेच भाजायचं नाही. सोडा सोडून सगळं एकत्र करून वीस मिनिटं झाकून ठेवायचं. राजगिरा आणि इसबगोल तेवढ्यात पाणी पिऊन घेतात आणि मिश्रणाचा खरा दाटपणा कळतो. इडलीच्या पिठापेक्षा घट्ट, पण चमच्यावरून ओघळायला हवं. सोडा सगळ्यात शेवटी, एक चमचा लिंबाच्या रसात कालवून, आणि मग रेंगाळायचं नाही. सोडा अर्ध्या चमच्याच्या वर गेला की साबणासारखी चव येते. तसं एका थाळीला झालंय.

१४ सप्टेंबर, रविवार

बिस्किटं. गोड बिस्किटांवर बराच वेळ आणि साधारण चारशे रुपयांचं सामान गेलं. ती ओव्हनमधून कुरकुरीत येतात आणि संध्याकाळपर्यंत लोळागोळा होतात. दोनदा भाजून पाहिली, हवाबंद डबा पाहिला, गूळ घालून पाहिला. बेदाणा, खजूर, गूळ हे सगळे हवेतली ओल ओढणारे, त्यात सांगलीचा सप्टेंबर. साखरेचं बिस्कीट कुरकुरीत राहण्यात साखरेच्या स्फटिकांचा मोठा वाटा असतो, आणि तोच गडी आपण बाहेर बसवलाय. गोड आणि कुरकुरीत हे दोन्ही एकत्र हवं असेल तर या अटींमध्ये मला जमलेलं नाही.

खारी बिस्किटं मात्र पहिल्याच झटक्यात जमली. राजगिरा १०० ग्रॅम, कूट ६०, शिंगाडा ३०, तूप ४०, सैंधव, भरडलेलं जिरं, मिरी, लागेल तसं दही. पोळपाटावर दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये पातळ लाटायचं, सुरीनं चौकोन पाडायचे, काट्यानं टोचायचे, १५० अंशांवर २५ मिनिटं, ओव्हन बंद करून आतच गार. आठवडाभर कुरकुरीत राहिली. जिरं-मिरी तुमच्याकडे उपवासाला चालत नसेल तर नुसतं मीठ.

२० सप्टेंबर, शनिवार

उद्या सर्वपित्री अमावस्या, स्वयंपाकघर मिळणार नाही. त्यामुळे शेवटची चाचणी आजच. हे माप आता बदलत नाही:

कूट १५० ग्रॅम, भाजलेलं राजगिरा पीठ ८०, शिंगाडा ४०, इसबगोल एक चमचा, सैंधव चिमूट, वेलची आणि जायफळ. बेदाणा १५० ग्रॅम, १२० मिली गरम पाण्यात तासभर भिजवून त्याच पाण्यासकट वाटलेला. आंबट दही १५० ग्रॅम, पातळ केलेलं तूप ४०. सोडा अर्धा चमचा, लिंबाचा रस एक चमचा. आठ इंची थाळी, तुपाचा हात, तळाला बटर पेपर. आतलं तापमान १६०, वेळ ३५ ते ४० मिनिटं. सुरीवर विसंबू नका, मध्यभागी बोटानं दाबलं की वर यायला हवं. पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचा नाही. गरम कापला की सुरीला चिकटतो आणि कच्चा वाटतो, प्रत्यक्षात झालेला असतो.

खर्च विजेसकट सव्वाशे ते दीडशे रुपये, बारा तुकडे.

"साखर नाही" याबद्दल एक खुलासा. १५० ग्रॅम बेदाण्यात ९० ग्रॅमच्या आसपास साखर असतेच, द्राक्षाची. म्हणजे तुकड्याला सात-आठ ग्रॅम. आमच्या शेजारच्या काकूंना मधुमेह आहे, त्यांनी "साखर नाही ना, मग दोन दे" म्हटलं तेव्हा त्यांना हा आकडा सांगितला. त्यांनी एकच घेतला आणि ताई, तू फार स्पष्ट बोलतेस, असंही म्हणाल्या.

२४ सप्टेंबर, बुधवार

पहिला केक घटस्थापनेला केला, तो आज संपला. बाहेर दोन दिवस ठीक. तिसऱ्या दिवशी एका तुकड्याच्या खाली पांढरा ठिपका दिसला, तो आणि त्याचे शेजारी टाकले. फ्रिजमध्ये डब्यात चार-पाच दिवस राहतो, पण घट्ट होतो. खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढायचा.

२२ तारखेपासून बदामावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. बदाम थोडा उतरेल. तरी कूटच.

सासूबाईंचं पोट अजून शांत आहे. त्याचं श्रेय केकला द्यावं की यंदा वेफर्सचा डबाच भरला नाही त्याला, हे मी ठरवणार नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

हस्त लागला, गल्लीत हादगा सुरू. आज खिरापत आमच्याकडे. मुलींनी डबा कानाशी धरून हलवला, आवाज नाही. शिरा, ढोकळा, बर्फी, लापशी, मग दोघी-तिघींनी ओरडून "केक!" म्हटलं. केक बरोबर, पण कशाचा ते सांगा म्हटल्यावर मैदा, रवा, नाचणी, बेसन, ओट्स सगळं झालं. राजगिरा कुणाच्या तोंडी आला नाही. दोन थाळ्या पुरल्या नाहीत. एका मुलीनं मात्र तुकडा अर्धा ठेवला, गोड कमी आहे म्हणाली. रोजच्या चॉकलेट केकच्या तुलनेत आहेच. लहान मुलांसाठी करणार असाल तर बेदाणा १८० ग्रॅमपर्यंत न्या आणि पाणी दोन चमचे कमी करा.

दोन थाळ्या एकाच वेळी ओव्हनमध्ये लावू नका. खालची करपली, वरची फिकी. एकामागून एक.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

पारणं झालं, पुरणपोळी झाली, नणंदबाईंनी ती खाल्ली.

थर्मामीटर धरून फसलेल्या सगळ्या सामानाचा खर्च दीड हजाराच्या पुढे गेला. त्यात बदामाचा आणि गोड बिस्किटांचा वाटा मोठा. हे दोन्ही टाळलंत तर तुमचे तेवढे वाचतील.

शिंगाड्याचं पीठ पाव किलो उरलंय. ते पुढच्या वर्षीपर्यंत टिकणार नाही, या आठवड्यात थालीपिठात संपवते. कार्तिकी एकादशीला रताळ्याची थाळी करून बघायची आहे: रताळं उकडायचं नाही, पाणी फार पितं, वाफवून, सालं काढून, किसून, बेदाणा निम्मा करून. जमलं तर माप इथेच लिहीन.